भूल कोण देणार आहे, हे आधी विचारा

पत्र : माझे वय ४७ आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. पित्ताशयात खडे झाल्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचे ठरले असून तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे. मला रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. सर्जन ओळखीचे आहेत, त्यामुळे शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही. भीती वाटते ती भुलीची. आमच्या चाळीतील एक गृहस्थ भुलीतून उठलेच नाहीत, असे सगळे सांगतात. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात पाठीत सुई दिली, तेव्हापासून माझी कंबर गेली. नर्सिंग होमने दिलेल्या अंदाजपत्रकात भूल देणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे पैसे पाहून यजमान रागावले. एका इंजेक्शनचे एवढे कसले पैसे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या डॉक्टरांना आम्ही पाहिलेलेही नाही. सासूबाईंचे ऐकून वाटते की मी पाठीतली सुई टाळावी, आणि चाळीतल्या गृहस्थांचे ऐकून वाटते की पूर्ण भूल टाळावी. आणखी एक गोष्ट आहे. मी पंधरा वर्षे मिशरी लावते आणि घरी कोणाला ते कळू दिलेले नाही. डॉक्टरांना सांगावे का? भुलीत माणूस मनातले बोलतो असे ऐकले आहे; म्हणजे ते आपोआपच बाहेर येईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मिशरीची गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जवळजवळ सही करता करता लिहिली आहे, आणि मी उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करणार आहे. तीस वर्षे भूल देण्याचे काम केल्यावर एक अनुभव पक्का झाला आहे : तपासणी आटोपून रुग्ण दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो आणि मागे वळून ‘डॉक्टर, आणखी एक सांगायचं होतं’ असे म्हणतो, तेव्हा जे बाहेर येते तेच बहुधा आमच्या सर्वांत कामाचे असते. मिशरीचे सांगावे का, असे तुम्ही विचारता. सांगावे. सर्जनना सांगावे हे तर झालेच, परंतु भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ऑपरेशन टेबलावर जाऊ नये.

मिशरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. तिच्यातील निकोटीन हिरड्यांच्या नाजूक आवरणातून रक्तात उतरते आणि नाडीचे ठोके व रक्तदाब वाढवते. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे तुम्ही हिरड्यांवरून बोट फिरवले आणि नंतर मॉनिटरवर आकडा चढलेला दिसला, तर या दोहोंचा संबंध ज्यांना ठाऊक नाही ते डॉक्टर भलतेच कारण शोधत बसतील. दुसरी बाब दातांची आहे. वर्षानुवर्षे मिशरी लावणाऱ्यांच्या हिरड्या पुष्कळदा झिजतात आणि दात हलू लागतात. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोप नावाचे धातूचे पाते पुढच्या दातांच्या मधून आत न्यावे लागते. त्या वेळी हलणारा दात निखळून श्वासमार्गात पडू शकतो. एखादा दात हलतो हे आधी कळले, तर त्याची काळजी घेता येते किंवा दंतवैद्याकडून तो आधीच काढून घेता येतो. मिशरीबरोबर सुपारी किंवा गुटखा खाण्याचीही सवय असेल, तर आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी दातांमध्ये मावतात का ते पाहा. सुपारीमुळे गालांच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड कमी उघडू लागते, आणि भूल देणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवी अशी ही गोष्ट आहे. कारण मग नळी कशी घालायची याची सगळी तयारीच वेगळी करावी लागते.

तीन आठवडे हाताशी आहेत, तेव्हा मिशरी आजपासूनच सोडता आली तर उत्तम. ते जमले नाही, तर निदान आदल्या रात्रीपासून ती लावू नका. पंधरा वर्षांची सवय एकाएकी थांबली की डोके दुखते, चिडचिड होते, जीव लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन दिवसांत असे झाले, तर तेही कशामुळे आहे हे डॉक्टरांना ठाऊक असलेले बरे.

आता घरी कळण्याचा प्रश्न. (चाळीच्या दोन खोल्यांत एखादी गोष्ट पंधरा वर्षे कोणालाच कळली नसेल याविषयी मला थोडी शंका आहे, पण तो विषय सासूबाईंचा आणि तुमचा.) भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मोजके कायदेशीर अपवाद सोडले, तर रुग्णाचे गुपित उघड करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरते. तरीही आपल्याकडे व्यवहार कसा चालतो हे मी जाणते : खाटेभोवती दीर, जाऊ, नणंद उभी असतात आणि त्यांच्यादेखत ‘काही व्यसन वगैरे?’ असे विचारले जाते. बाईने काय उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते, कोण जाणे. म्हणून तपासणीच्या वेळी सरळ म्हणा, ‘मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे.’ एवढे सांगितले की नातेवाइकांना बाहेर थांबवणे हे डॉक्टरांचे काम. तेही अवघड वाटले, तर एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्या हातात द्या. केसपेपरवर नोंद होणार आणि तो कागद घरच्यांच्या हाती पडू शकतो हे लक्षात ठेवून, नोंद कशी करणार आहात असेही विचारायला हरकत नाही.

भुलीत माणूस मनातले बोलतो, ही समजूत मला दर महिन्याला भेटत असे. एकदा तर एका सधन व्यापाऱ्याने शस्त्रक्रियेपुरते बायकोला दुसऱ्या मजल्यावर बसवून ठेवा, अशी विनंती केली होती. तुमच्या शस्त्रक्रियेत तुमच्या घशातून श्वासनलिकेत नळी असेल आणि ती स्वरतंतूंच्या मधून गेलेली असेल, त्यामुळे बोलणे शक्यच नसते. जाग येताना काही जण असंबद्ध पुटपुटतात, बहुतेकांना पाणी हवे असते किंवा घर आठवते. ते ऐकणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टर रोज तेच ऐकत असतात आणि दुपारपर्यंत विसरलेले असतात.

मराठीत आपण ज्याला ‘भूल’ म्हणतो, तो शब्द मला पहिल्यापासून थोडा गैरसोयीचा वाटत आला आहे. भूलचूक, भूलथाप, भूल पडणे असे त्याचे सगळे सोयरे ऐकल्यावर ‘भूलतज्ज्ञ’ या पाटीखाली बसणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात यात नवल नाही. बधिरीकरणशास्त्र हा पुस्तकी शब्द कोणी तोंडात घेत नाही आणि ‘गुंगी’ हा शब्द तर आणखीच दिशाभूल करतो, कारण त्यातून असे चित्र उभे राहते की एक औषध टोचले, माणूस गाढ झोपला, औषध उतरले की उठला. मधल्या वेळात टोचणारा माणूस बाहेर चहा पीत होता. तुमच्या यजमानांचा राग या चित्रातून आला आहे, म्हणून त्या मधल्या वेळात काय होते ते तुमच्याच शस्त्रक्रियेच्या आधाराने सांगते.

टेबलावर घेतल्यावर छातीला ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटरची चिमटी लावतील. मग तोंडावर मास्क धरून तुम्हाला काही मिनिटे प्राणवायू ओढायला सांगतील. नळी घालताना श्वास थांबतो, त्या वेळेसाठी फुप्फुसांत भरून ठेवलेला हा साठा असतो. त्यानंतर शिरेतून दुधासारखे पांढरे प्रोपोफोल जाईल आणि हात क्षणभर चुरचुरेल. हे आधी ठाऊक असले की माणूस दचकत नाही. पुढचे तुम्हाला आठवणार नाही. स्नायू सैल करणारे औषध दिले जाईल, म्हणजे त्या क्षणापासून तुमचा श्वास तुमचा राहणार नाही, तो यंत्राचा आणि यंत्राकडे पाहणाऱ्या माणसाचा असेल. मग सर्जन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतील, कारण त्याशिवाय दुर्बिणीला आत पाहायला जागा मिळत नाही. या वायूमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो आणि फुप्फुसांना फुगणे जड जाते. तो वायू रक्तातही शोषला जातो आणि श्वासावाटे जास्तीचा बाहेर काढावा लागतो. क्वचित पोट ताणले जाताच हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. साठ, पन्नास, चाळीस असा आकडा उतरताना दिसला की भूलतज्ज्ञ सर्जनना ‘वायू सोडा’ असे सांगतात, हाताशी भरून ठेवलेले अ‍ॅट्रोपिन देतात आणि अर्ध्या मिनिटात ठोके पूर्ववत होतात. हे घडले हे रुग्णाला कधी कळत नाही, नातेवाइकांनाही कोणी सांगत नाही, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ नसते.

याचा एक भाग तर मोठा गमतीचा आहे. शस्त्रक्रियेआधी घबराट कमी करण्यासाठी मिडाझोलाम नावाचे औषध पुष्कळदा देतात आणि ते दिल्यानंतरचे काही आठवत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःची ओळख करून दिलेली असते, हात धरून धीर दिलेला असतो, आणि त्यांनीच दिलेले औषध ती ओळख पुसून टाकते. दादरच्या फलाटावर एक बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. चार तास मी त्यांच्या उशाशी बसले होते, त्याला महिनाही झाला नव्हता. ओळख सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘अय्या, तुम्ही त्या सिस्टर का?’ मी एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि त्यानंतर एमडीची तीन वर्षे केलेली डॉक्टर आहे असे तिथे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांची अंबरनाथ लोकल आली होती. पण हा गैरसमज मुंबईपुरता किंवा आपल्या देशापुरता नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांत भूल देणारी व्यक्ती डॉक्टर असते हे बऱ्याच रुग्णांना ठाऊक नसल्याचे दिसून आले आहे.

भूल हे एकदा टोचायचे औषध नसून सतत पाहत राहण्याचे काम आहे, हे वैद्यकाला कळायलाही बराच वेळ लागला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, तेव्हा शस्त्रक्रिया शुद्धीवर असलेल्या माणसावर, त्याला धरून ठेवून केली जात असे. भाऊ दाजी लाड यांची पहिली तुकडी तिथे शिकत असतानाच १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्म आला, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात ‘क्लोरोफॉर्म दिला’ हाच वाक्प्रचार रुजला. (चित्रपटांत नाकाशी रुमाल धरताच माणूस कोसळतो, ते खोटे आहे, क्लोरोफॉर्मला मिनिटे लागतात.) त्या औषधाने अधूनमधून रुग्ण अचानक दगावत, म्हणून निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. भांडण इतकेच होते, की भूल देणाऱ्याने डोळा कशावर ठेवायचा : श्वासावर की नाडीवर? हैदराबादचे एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे होते. पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले, की क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकते. म्हणजे दोहोंवर डोळा हवा होता. त्या काळी तिथेच शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंनी क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

आज डोळ्याच्या मदतीला यंत्रे आहेत. ज्या पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले, ते २०२० साली लालबागच्या खोल्याखोल्यांतून टीव्हीशेजारी येऊन बसले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आओयागी वारले. गोरेगाव आणि बीकेसीच्या तात्पुरत्या कोविड केंद्रांमध्ये व्हेंटिलेटर चालवणाऱ्यांत भूलतज्ज्ञ मोठ्या संख्येने होते. ‘हे एरवी कुठे असतात’ असे तेव्हा काही नातेवाइकांनी विचारलेही. आम्ही एरवीही तेच करत असतो, फक्त दार बंद असते.

चाळीतल्या गृहस्थांविषयी मला काही सांगता येणार नाही, कारण त्यांना कोणता आजार होता, शस्त्रक्रिया कशाची होती, ती तातडीची होती का, यातले काहीच पत्रात नाही. ‘भुलीतून उठले नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरले जाते. आतडे फुटून विष अंगात भिनलेला रुग्ण टेबलावर गेला, तरी लोकांच्या तोंडी दोष भुलीवर येतो. तुम्हाला धीर देण्यासाठी मी भुलीत काहीच धोका नाही असेही म्हणणार नाही. प्रगत देशांत एरवी निरोगी माणूस केवळ भुलीमुळे दगावण्याचे प्रमाण लाखात एकाच्या आसपास सांगितले जाते. तुम्हाला रक्तदाब आणि मधुमेह आहे, म्हणून तुमचा धोका त्याहून थोडा अधिक धरावा लागेल, आणि तो किती हे तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारेच सांगू शकतील. उलट भीतीही पुष्कळांना असते, की शस्त्रक्रिया चालू असताना मध्येच जाग येईल. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी स्वतःहून अशी तक्रार केल्याचे प्रमाण पूर्ण भुलीच्या सुमारे १९,००० प्रसंगांमागे एक इतके आढळले.

सासूबाईंची कंबर हा खरा विषय आहे, पण तो तुमच्या शस्त्रक्रियेचा नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोट वायूने फुगवायचे असल्यामुळे आणि तो ताण खांद्यापर्यंत जाणवत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलच देतात; कमरेतील भुलीवर ही शस्त्रक्रिया काही जण करतात, परंतु तुम्ही तसा आग्रह धरावा असे मला वाटत नाही. तरीही सासूबाईंना एवढे सांगा : मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात, पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर संपतो आणि सुई त्याच्या खाली देतात, ती खूप बारीक असते. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकते आणि थोड्या जणांना उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी होते, तिच्यावर उपचार आहेत. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र त्या सुईमुळे होते असे अभ्यासांतून दिसलेले नाही. गरोदरपणात ढिले झालेले सांधे आणि स्नायू, मूल कडेवर घेणे, वाकून कपडे धुणे, नळाच्या वेळेला हंडे उचलणे, याकडे कोणी पाहत नाही. सुई मात्र दिसते आणि लक्षात राहते. हे सांगताना सासूबाईंचे दुखणे खोटे आहे असा सूर लावू नका. दुखणे खरे आहे, कारण वेगळे आहे.

यजमानांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वर आले आहे. झोपवण्याचे पैसे घेत नाही, उठवण्याचे घेतो, असा एक विनोद आमच्या धंद्यात इतका जुना आहे की आता तो आम्हालाच हसवत नाही. अंदाजपत्रकातील आकडा योग्य की अयोग्य, ते मला इथून सांगता येणार नाही. अनेक खासगी ठिकाणी तो सर्जनच्या शुल्काच्या ठरावीक प्रमाणात लावतात आणि खोलीचा वर्ग बदलला की तोही बदलतो, हे मलाही फारसे पटत नाही, कारण एसी खोलीतल्या रुग्णाचे हृदय वेगळ्या रीतीने चालत नाही. यजमानांनी नर्सिंग होमला जरूर विचारावे. पण विचारताना आणखी एक प्रश्न जोडावा, आणि माझ्या मते पैशांच्या प्रश्नाहून तो महत्त्वाचा आहे : भूल कोण देणार आहे?

तुम्ही त्या डॉक्टरांना पाहिलेले नाही, ही या पत्रातली सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. मुंबईच्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा नोकरीला नसतात. सकाळी परळ, दुपारी मुलुंड, रात्री कोणाच्या सिझेरियनसाठी भांडुप, असे गाडीच्या डिकीत स्वतःची पेटी घेऊन ते फिरतात. मोठ्या शिक्षण रुग्णालयांत भुलीपूर्वीच्या तपासणीची वेगळी ओपीडी असते. लहान ठिकाणी तुम्हाला एखाद्या फिजिशियनकडे ‘फिटनेस’ आणायला पाठवतात आणि तो कागद मिळाला की सगळ्यांचे समाधान होते. फिजिशियन तुमचे हृदय आणि साखर पाहतात. तोंड किती उघडते, मान मागे किती वळते, दात हलतो का, घोरता का, हे त्यांनी पाहायचे नसते. मीही अनेक वर्षे शस्त्रक्रियेच्या दहा मिनिटे आधी रुग्णाला पहिल्यांदा भेटत आले आणि त्यात काही गैर आहे असे मला बराच काळ वाटले नाही. एकदा एका नर्सिंग होममध्ये सगळी मांडामांड झाल्यावर रुग्णाने सहज सांगितले की मागच्या भुलीत घशात नळी घालताना डॉक्टरांना फार त्रास झाला होता. त्या दिवशी शस्त्रक्रिया पुढे ढकलली, घरचे संतापले आणि सर्जन आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. दोष रुग्णाचा नव्हता. आदल्या दिवशी विचारायला मी तिथे नव्हते.

म्हणून सर्जनना आजच फोन करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव विचारा. ते आधी तपासतील का, निदान फोनवर बोलतील का, हेही विचारा. यात त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही आणि चांगल्या सर्जनना हा प्रश्न आवडतो. भेट झाली की तुमच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावे आठवत बसू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात आणि काही आदल्या दिवशी थांबवतात. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचे नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपते, त्या साधारणतः तीन-चार दिवस आधी बंद करतात, नाहीतर उपाशी असताना रक्तात आम्ल साठते आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. वजन किंवा साखर उतरवण्यासाठी आठवड्याला घ्यायचे इंजेक्शन चालू असेल, तर तेही सांगा, कारण त्याने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. त्याच भेटीत विचारा, की श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र तिथे आहे का, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिला तासभर माझ्याजवळ कोण असेल. उत्तर ऐकताना डॉक्टर वैतागले, तर त्यावरूनही तुम्हाला काही कळेल. भुलीचे संमतीपत्र वेगळे असते. ते मराठीत मागा आणि सही करण्यापूर्वी वाचा.

उपाशी राहण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे मराठी घरांत हटकून गफलत होते. जड किंवा तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास, असा सर्वसाधारण नियम आहे; तुम्हाला मधुमेह असल्याने डॉक्टर तो बदलूही शकतात. भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते, त्या वेळी जठरातले अन्न वर आले तर ते फुप्फुसांत उतरते, हे त्यामागचे कारण आहे. आपल्याकडचा दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो. ‘पोटात काही नाही, फक्त कपभर चहा घेतला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की टेबलाजवळ मी ‘उपाशी आहात का’ असे विचारणेच सोडले. ‘सकाळचा चहा किती वाजता झाला’ असे विचारू लागले, म्हणजे खरे उत्तर येई. उपाशी राहा असे सांगितल्यावर साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्या एक आजी मला आठवतात. त्यांनी उपवास अगदी काटेकोर पाळला होता. देवाचे तीर्थ आणि अंगारा यांना माझी हरकत नाही, मात्र प्रसादाचा पेढा घरच्यांनी खावा.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच काढून ठेवा. शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवतात आणि अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका असतो. नखांचा रंगही काढा, काही रंगांमुळे बोटावरची चिमटी चुकीचा आकडा दाखवू शकते.

जाग आल्यावर घसा एक-दोन दिवस खवखवेल, तो नळीमुळे. पोटात उरलेल्या वायूमुळे उजवा खांदा दुखेल. शस्त्रक्रिया पोटाची आणि खांदा का दुखतो म्हणून घाबरू नका. मळमळ आणि उलटी ही मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना अधिक होणारी तक्रार आहे, आणि ज्यांना प्रवासात गाडी लागते त्यांना ती आणखी होते. हे आधी कळले, तर भूल देतानाच ती थांबवणारी एकाऐवजी दोन औषधे देता येतात. गावी जाताना घाटात तुम्हाला गाडी लागते का, हे पत्रात नाही. लागत असेल, तर त्या चिठ्ठीवर मिशरीच्या खाली तेवढे लिहा.